आर्त पित्याचा प्रश्न

क्षिप्रेच्या तीरावरील या अवंतिकानगरीत मृत्यूचे भय उराशी घेऊन येणाऱ्या माणसांची वाण कधीच नव्हती. जो काळाचाही काळ, त्याच्या दाराशी येऊन मनुष्याने आपल्या माणसाच्या आयुष्याची भीक मागावी, हे स्वाभाविकच होय. आमचे तीर्थरूप पौरोहित्य करीत असल्यामुळे असे आर्तजन मी बालपणापासून पाहत आलो आहे. तथापि दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी आलेल्या एका गृहस्थांचे प्रश्न माझ्या मनातून अद्याप जात नाहीत. त्यांचाच विचार आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या गृहस्थांचे मूल सात महिन्यांचे होते. त्याची मान धरली जात नव्हती, पाय हलत नव्हते. डोळे मात्र विलक्षण तेजस्वी होते. इंदूर झाले, मुंबई झाली. वैद्यांनी रोगाचे नाव सांगितले : स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, संक्षेपाने एसएमए. महामृत्युंजयाचा जप करावा, असे सांगण्यास ते आले होते. बोलणे आटोपल्यावर त्यांनी हलक्या स्वरात विचारले, "गुरुजी, हे पाप कोणाचे म्हणावयाचे? माझे, की हिच्या माहेरचे?" त्यांची पत्नी शेजारीच मुलाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसली होती.

मी जवळच उभा होतो, आणि 'प्रारब्ध' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. वडील मात्र म्हणाले, "कोणाचेही नाही. जप मी करीन; पण मूल बरे होईल असे वचन मी देणार नाही. आणि जपासाठी औषधाची वेळ चुकवू नका."

वर्षभराच्या आत ते मूल गेले. काही महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले आणि म्हणाले, "गुरुजी, आम्ही एवढे धावलो. ते सारे व्यर्थच गेले का?" वडिलांनी त्यांना पाणी दिले आणि त्यांचा हात हातात धरून ते बराच वेळ स्वस्थ बसले.

पाप कोणाचे, आणि धावणे व्यर्थ का, हे ते दोन प्रश्न होत.

पहिल्याचे उत्तर आजच्या वैद्यकशास्त्राने स्पष्ट दिले आहे. स्नायूंना चालना देणाऱ्या ज्या मज्जापेशी मेरुरज्जूत असतात, त्यांना जिवंत राहण्यास एक विशिष्ट प्रथिन लागते. ते घडविणारे जनुक प्रत्येकास आईकडून एक व पित्याकडून एक असे मिळते. दोहोंपैकी एक सदोष असले, तरी मनुष्य धडधाकट राहतो व त्यास आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. असे वाहक दर चाळीस-पन्नास माणसांत साधारण एक असतात. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी रोग उद्भवण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणजे दोष केवळ पित्याचा नव्हे आणि केवळ माहेरचाही नव्हे. दोन्ही कुळांकडून नकळत आलेली ती ठेव आहे. मग त्या माऊलीने मान खाली का घालावी?

कोणी म्हणेल, कर्मसिद्धान्त तर आपण मानतो. होय, मानतो. परंतु तो सिद्धान्त मनुष्याने स्वतःच्या आचरणास लावावा म्हणून आहे, दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे. शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता त्याचे पूर्वसंचित मोजीत बसणाऱ्यास आपण धार्मिक म्हणत नाही.

याच नगरीतील सांदीपनींची कथा येथे आठवते. अंकपाताकडे त्यांच्या आश्रमाचे दर्शन आपण वारंवार घेतो. विद्या पूर्ण झाल्यावर श्रीकृष्णाने गुरुदक्षिणा विचारली, तेव्हा गुरूंनी पत्नीशी विचार करून प्रभासच्या समुद्रात नाहीसा झालेला आपला पुत्र मागितला. एवढे ज्ञानी गुरू. पण 'पुत्रमोह सोडा' असे शिष्याने त्यांना सुनावले नाही. तो उठला आणि थेट यमलोकापर्यंत गेला. आर्त मातापित्यांपुढे उपदेश करावयाचा नसतो, उठावयाचे असते, हा या कथेचा मला उमगलेला अर्थ आहे.

परंतु सांदीपनींचा पुत्र परत आला. ज्यांचा येत नाही, त्यांचे काय? हाच दुसरा प्रश्न.

२०२१ साली महाराष्ट्रात घडलेल्या दोन घटना येथे सांगण्याजोग्या आहेत. या रोगावर झोल्गेन्स्मा नावाचे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाले. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनावर बसवून निर्दोष जनुक बालकाच्या शरीरात एकदाच सोडावयाचे, अशी त्याची योजना. किंमत सुमारे सोळा कोटी रुपये! मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या आईबापांनी समाजापुढे झोळी पसरली. ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, अशा असंख्य लोकांनी यथाशक्ती दान टाकले. केंद्र सरकारने कोट्यवधींचा कर माफ केला. आणि फेब्रुवारीत ते औषध मुलीस मिळाले. त्याच वर्षी पुण्याकडील दुसऱ्या एका बालिकेसाठीही लोकांनी अशीच रक्कम उभी केली. तिलाही जूनमध्ये औषध मिळाले. परंतु ऑगस्टच्या आरंभी तिने या जगाचा निरोप घेतला. रोग तोच, औषध तेच, प्रयत्न तेवढेच. फळ मात्र निराळे. या दुसऱ्या मातापित्यांचे कर्तव्य पहिल्यांपेक्षा कमी पडले, असे कोण म्हणू शकेल?

फलाची आसक्ती सोडण्याविषयी गीता सांगते. म्हणून अशा आईबापांनी धावपळ सोडावी, असे म्हणणारे काही लोक मला भेटले आहेत. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, गीता कोणास सांगितली गेली? ज्याने हातातील धनुष्य खाली ठेवले होते त्यास, आणि ते त्याने पुन्हा उचलावे म्हणून.

शिवाय, फळ आपल्या अंगणात पडले नाही म्हणजे ते पडलेच नाही, असे नव्हे. ऑगस्टो व मायकेला ओडोन या अमेरिकेतील दांपत्याचा मुलगा लोरेन्झो याला १९८४ मध्ये मेंदूचा एक असाध्य रोग झाल्याचे निदान झाले. तो दोन वर्षेही जगणार नाही, असे वैद्य म्हणाले. पिता अर्थशास्त्रज्ञ होता, वैद्य नव्हे. तरी दोघांनी ग्रंथालयांत बसून त्या रोगाचा अभ्यास केला आणि वनस्पतितेलांपासून एक मिश्रण सिद्ध करविले. त्यापूर्वी झालेली मुलाची हानी त्या तेलाने भरून निघाली नाही. अंथरुणास खिळलेल्या स्थितीत, पण आईबापांच्या सेवेत तो वाढला आणि २००८ मध्ये, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी निवर्तला. मात्र ज्या मुलांत लक्षणे प्रकट झालेली नव्हती, त्यांना ते तेल दिल्यास धोका कमी होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. सर्व वैद्यांचे त्यावर एकमत नाही, हेही खरे. परंतु एका घरच्या दुःखाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी वाट शोधली, हे विसरता येत नाही.

आपल्या देशातही हेच दिसते. एसएमएग्रस्त मुलांच्या पालकांनी संघटना उभारल्या, न्यायालयांची दारे ठोठावली. २०२१ मध्ये दुर्मीळ रोगांविषयी राष्ट्रीय धोरण आले, आणि मुंबईच्या केईएमसारख्या नियुक्त केंद्रांतून मिळावयाच्या साहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढली. सोळा कोटींपुढे तो बत्तिसावाच भाग. पण पूर्वी तेवढेही नव्हते. याच रोगावरील रिस्डिप्लाम या पिण्याच्या औषधाची एक बाटली सुमारे सहा लाखांस पडे. ते औषध बनविण्यास एका भारतीय कंपनीस न्यायालयाकडून ऑक्टोबर २०२५ मध्ये मोकळीक मिळाली, आणि तिने बाटलीची किंमत १५,९०० रुपये ठेवली. ज्यांची मुले तोवर टिकली नाहीत, अशा पालकांच्या धावण्याचाही या वाटेत वाटा आहे.

मोहाची सीमा कोठे लागते, हेही सांगितले पाहिजे. मूल वाचावे म्हणून नव्हे, तर आपल्यास हार मानवत नाही म्हणून त्यास भोंदूंच्या दारोदार हिंडविणे, घरातील दुसऱ्या लेकरांस विसरणे, हा मोह होय. कधी औषध संपते आणि केवळ मांडी उरते. त्या वेळी मांडी देणे हेच कर्तव्य असते.

आता आपल्याविषयी. आपली मराठी घरे या माळव्यात मोजकी. सोयरीक त्याच त्या घराण्यांत होते. काही घरांत मामाची मुलगीही करतात. आपण गोत्र पाहतो, पत्रिका जुळवितो, छत्तीस गुण मोजतो. पुरोहिताचा मुलगा असूनही मी हे स्पष्ट लिहितो की, वर-वधू दोघेही वाहक आहेत किंवा कसे, हे पत्रिकेतील नाडी सांगत नाही. ते रक्ताची तपासणी सांगते. विशेषतः ज्या घरात असे मूल झाले आहे, त्यांच्या नातलगांनी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि तपासणीत काही आढळल्यास तो कलंक मानू नये, कारण वाहक आपल्यापैकी कोणीही असू शकतो.

त्या गृहस्थांना जे उत्तर देणे मला त्या दिवशी सुचले नाही, ते आज देतो. काका, आपले धावणे व्यर्थ गेले नाही. ते मूल जितके दिवस होते, तितके दिवस त्याच्यासाठी कोणीतरी धावत होते. आणि मूल ते ओळखते. आपण मागे ठेवलेली वाट उद्या दुसऱ्या कोणाच्या लेकराच्या उपयोगी पडेल. आणि काकूंनी मान वर करावी, ही माझी हात जोडून विनंती आहे.

कोणा घरी असे दुःख आल्यास 'पाप कोणाचे?' असे न विचारता 'काय लागेल?' असे विचारण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, हीच श्रीमहाकालेश्वरचरणी प्रार्थना.