सांगितलेलं कुठे जातं?



दवाखान्यात गेल्यावर आपण किती सहज बोलतो! पोट कधीपासून बिघडलंय, लघवीला जळजळ होते का, घरात साखर कुणाकुणाला आहे... पाच मिनिटांच्या ओळखीवर सगळं सांगून मोकळे होतो. डॉक्टर आणि वकील यांच्यापासून काही लपवू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण काही माणसांना हा सल्ला पाळण्याआधी दहादा विचार करावा लागतो. आज बोलायचंय ते त्यांच्याविषयी, म्हणजे ट्रान्सजेंडर माणसांविषयी. जन्मताच मुलगा किंवा मुलगी म्हणून जी नोंद झाली, ती ज्यांच्या मनाला कधी पटलीच नाही, अशी ही माणसं.

सरकारी रुग्णालयातली केसपेपरची खिडकी डोळ्यांसमोर आणा. आतला माणूस मान वर न करता विचारतो, "नाव? वय? स्त्री की पुरुष?" मागे भलीमोठी रांग. आधार कार्डावर पुरुषाचं नाव आणि अंगावर साडी. पुढे ओपीडीच्या दारात शिपाई कार्डावरचं तेच नाव खणखणीत आवाजात पुकारतो आणि बाकावरून एक बाई उठते. सगळ्या माना वळतात. डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आतच, तिनं तोंडही न उघडता, तिचं सगळं जगजाहीर झालेलं असतं. आली असते ती खोकल्यासाठी, आणि प्रश्न येतात, "ऑपरेशन झालंय का? घरच्यांना चालतं का हे?" पुढच्या खेपेला ती डॉक्टरांकडे न जाता मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेऊन घरी जाते. आणि ज्याच्याकडे पाहून काही कळत नाही, असा दाढीमिशीवाला ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मताना मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष, तर डॉक्टरांसमोर बसूनही गप्प राहतो.

हे गप्प राहणं महागात पडू शकतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेणाऱ्या ट्रान्स बाईच्या पायाला अचानक सूज आली, तर रक्ताच्या गुठळीची शंका आधी घ्यावी लागते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाची पाळी थांबते, पण गर्भाशय काढलेलं नसेल तर दिवस राहू शकतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही त्याला लागतेच. डॉक्टरांना माहीतच नसेल, तर ते विचारणार कुठून?

मग सांगून टाकावं, हे उत्तर सोपं वाटतं. पण २०१९च्या मे महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णाची हकिकत छापून आली. बत्तीस वर्षांचा पुरुष, पोटात कळा येतात म्हणून तातडीच्या विभागात आला. आपण ट्रान्सजेंडर आहोत, हे त्यानं नर्सला सांगितलं. सकाळी घरीच गर्भचाचणी केली, ती होकारार्थी आली, हेही सांगितलं. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? पण संगणकावर त्याच्या नावापुढे 'पुरुष' असं लिहिलेलं होतं. स्थूल देह, वाढलेला रक्तदाब, बंद केलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, एवढं पाहून त्याला थांबायला सांगितलं गेलं. काही तासांनी डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा तो गरोदर असल्याचं आणि नाळ खाली सरकल्याचं लक्षात आलं. बाळ मृत जन्मलं. हीच लक्षणं घेऊन एखादी बाई आली असती, तर धावपळ लगेच झाली असती.

यात कुणी त्याला हाकललं नाही, कुणी हसलंही नाही. पण त्यानं सांगितलेलं ठेवायला त्या व्यवस्थेत खणच नव्हता. आपण ट्रान्सजेंडर माणसांकडून मोकळेपणाची, धाडसाची अपेक्षा करतो. पण सांगणाऱ्याचं धाडस फुकट जाऊ नये, यासाठी ऐकणाऱ्याची तयारी आधीपासून असावी लागते. आणि उघड हाकललं गेल्याचीही उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्याच रॉबर्ट ईड्स या ट्रान्स पुरुषाला १९९६ साली अंडाशयाचा कर्करोग असल्याचं कळलं. दोन डझनांहून अधिक डॉक्टरांनी उपचाराला नकार दिला. असा पेशंट दिसला तर आपले बाकीचे पेशंट काय म्हणतील, ही काहींची चिंता. जानेवारी १९९९मध्ये ईड्स गेले.

आपल्याकडे कागदावर बरंच झालंय. सर्वोच्च न्यायालयानं ट्रान्सजेंडर माणसांच्या हक्कांविषयीच्या २०१४च्या 'नालसा' निकालात रुग्णालयांत योग्य उपचार देण्याचे आदेश सरकारांना दिले. वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार व्हावा, असं ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्यात लिहिलं गेलं. "याला सरळ करून द्या" म्हणत आईबाप मुलाला घेऊन येतात, तेव्हा तसले 'उपचार' करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये स्पष्ट केलं. कल्याणला आणि पुण्याला 'मित्र' नावाचे दवाखाने निघाले. तिथल्या कामात ट्रान्सजेंडर माणसंच पुढे होती, त्यामुळे दारातून आत येणाऱ्याला आधी स्वतःचा खुलासा करत बसावं लागत नसे. २०२५च्या सुरुवातीला त्यांना मिळणारी अमेरिकेची मदत गोठली आणि ते बंद पडले. वेगळा दवाखाना हवाच, पण परक्या पैशावर चालणारा दवाखाना एका फटक्यात मिटतो. गल्लीतला डॉक्टर आणि तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र तिथंच असतात. शिकायचंय ते त्यांनी.

आणि शिकायचं तरी किती? केसपेपरवर आणखी एक रकाना. "तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू?" हा एक प्रश्न. खासगी काही विचारायचं असेल तर दार लोटून घ्यायचं आणि कारण सांगायचं, "हे औषध तुम्हाला चालेल का ते ठरवायचंय, म्हणून विचारतो." दुखण्याशी ज्याचा संबंध नाही, ते विचारायचंच नाही. रुग्णानं सांगितलेलं कागदावर उतरवायचं, म्हणजे पुढच्या टेबलावर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

या सवयी एकदा अंगवळणी पडल्या, की त्यांचा लाभ फक्त ट्रान्सजेंडर रुग्णांना होणार नाही. दिवस गेलेत की काय, या धास्तीनं आलेली लग्न न झालेली मुलगी, एचआयव्हीच्या गोळ्या घरच्यांपासून लपवणारा ड्रायव्हर, नवऱ्यानं मारलं तरी 'जिन्यावरून पडले' म्हणणारी बाई, या सगळ्यांना डॉक्टरांना काहीतरी सांगायचं असतं. समोरचा माणूस ते नीट ऐकून घेईल, असा भरवसा वाटला की तीही बोलू लागतील. उपचाराची खरी सुरुवात तिथून होते.