एक पै आणि पंधरा एच

श्रीजनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. राज्य परक्या सुलतानाचे, पण चाकरी चोख. त्यांच्याकडे हिशोब लिहिताना एका पैची चूक शोधण्यासाठी नाथमहाराज रात्रभर जागले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मी बँकेत कारकून होतो, दिवसाची कॅश जुळेपर्यंत घरी जाता येत नसे, म्हणून मला ती कधी अतिशयोक्ती वाटली नाही. पण ती पै नाथांची नव्हतीच, सरकारची होती. सापडली नसती तर कोणाचं बिघडणार होतं?

हे आठवायचं कारण पंधरा एच. एप्रिल उजाडला की ज्येष्ठांची रांग लागे. एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे, म्हणून व्याजातून टीडीएस कापू नका, असं त्यात लिहून द्यायचं. खोटं लिहिलं तर कैद होऊ शकते, हेही फॉर्मवर छापलेलं असे, वाचतो कोण! काकड आरतीला नेमाने येणारे एक गृहस्थ होते. पेन्शन, ठेवी, शिवाय दोन खोल्यांचं भाडं. मला सगळं ठाऊक. तरी मी शिक्का मारला. खरं-खोटं तपासणं माझ्या कामात बसत नव्हतं, अशी मनाची समजूत घातली.

निवृत्तीनंतर एकदा देवळाच्या पायरीवर मी विषय काढला. ते म्हणाले, "कायदा पाळणं म्हणजे काय धर्म आहे का? दामाजीपंतांनीसुद्धा मोडलाच की!"

मोडला, खरं आहे. पण मंगळवेढ्याची कोठारं त्यांनी दिवसाढवळ्या उघडली, तीही भुकेल्यांसाठी. बादशहाचं बोलावणं येणार हे त्यांना माहीत होतं आणि आल्यावर ते बेदरला निघालेसुद्धा. १९३० साली मिठाचा कायदा मोडण्याआधी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कळवलं होतं, मग तुरुंगही पत्करला. आपण मोडतो तो गुपचूप, स्वतःच्या खिशासाठी. वर सही करून सांगतो की मोडलेला नाही.

"अहो, पण आपला पैसा जातो कुठे? खाणारे खातातच ना?" ते म्हणाले. याला पुरतं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, आजही नाही. एवढंच विचारलं, "दादा, आपण गाणगापूरला गेलो तो रस्ता कोणाच्या पैशाने झाला?"

ते काही बोलले नाहीत, प्रदक्षिणेला उठले. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी फॉर्म भरला की नाही, मी विचारलं नाही. आधीच्या वर्षांच्या गठ्ठ्यांत त्यांच्या सहीखाली शिक्का माझा आहे.