ऑगस्टमधली वाडी

फील्डवर्कला निघालेल्या मुलांची तयारी कशी करून घ्यायची, हे आता बहुतेक विद्यापीठांत ठरून गेलं आहे. संमतीपत्र, प्रश्नावली, सर्वेक्षणाचं ॲप, कपडे साधे घाला, फोटोआधी विचारा, कुणाला आश्वासनं देऊ नका. यातलं काहीच चुकीचं नाही. फक्त आपण कुठल्या महिन्यात चाललोय, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. महिना सुट्टीवरून ठरतो.

अमेरिकेत एमआयटीमध्ये एमी स्मिथ यांनी 2002 साली डी-लॅब सुरू केली. तिथली मुलं खेड्यापाड्यांत जाऊन तिथल्या लोकांबरोबर साधी यंत्रं घडवतात. त्यांचे बरेचसे दौरे जानेवारीत होतात, कारण तेव्हा नेहमीचे वर्ग नसतात. आपल्याकडे नाताळाच्या आगेमागे, नाहीतर मेमध्ये. रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 सालीच ‘रूरल डेव्हलपमेंट : पुटिंग द लास्ट फर्स्ट’ या पुस्तकात हे दुखणं नेमकं पकडलं होतं. रस्ते वाळले की तज्ज्ञ येतात. भूक आणि आजारपण येतं ते पावसात. चाळीस वर्षं उलटली, दौऱ्यांची वेळापत्रकं तीच आहेत.

कर्जत-खालापूरकडची एखादी कातकरी वाडी घ्या. जानेवारीत तिथे गेलं तर कितीतरी घरांची दारं बंद दिसतात. ओट्यावर बसलेली म्हातारी सांगते, ‘भट्टीवर गेलीत, पावसाच्या तोंडावर येतील.’ मुलं ॲपमध्ये ‘स्थलांतर’वर खूण करतात, कारणापुढे ‘रोजगाराचा अभाव’ लिहितात आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये त्यावरचे उपायही सुचू लागतात. हुशार मुलं असतात, उपाय लवकर सुचतात.

पण त्या बंद दाराची गोष्ट ऑगस्टमध्येच घडून गेलेली असते. लावणी उरकलेली, मजुरी थांबलेली, डब्यातले तांदूळ तळाला. रानभाजी आणि खेकड्यांवर काही दिवस निघतात. तेवढ्यात पोर तापानं फणफणतं, आणि दवाखान्याला, गाडीभाड्याला रोख पैसा लागतो. अशा वेळी वीटभट्टीचा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर ती फेडायला नवरा-बायको कच्चीबच्ची घेऊन भट्टीवर जातात. हंगाम संपताना हिशेब होतो आणि पुष्कळदा काही ना काही अंगावर उरतंच. सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आदिवासी विकास विभागाची खावटी कर्ज योजना नेमकी याच महिन्यांसाठी होती.

आता असं कुटुंब भट्टीवरून परतलं की त्याच्या घरी जाऊन विचारा, ‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न किती?’ ज्यांनी पुढच्या मजुरीतली उचल आधीच पोटात घातली, त्यांनी कुठल्या महिन्याचा आकडा सांगायचा? बाई काहीतरी सांगते. समोरचं पोरगं उन्हातून आलंय, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं! तो आकडा पुढे तक्त्यात जातो, तक्त्याचा आलेख होतो, आणि त्यावर एखादं बक्षीसही मिळून जातं.

दोन संस्कृतींमधलं अंतर म्हटलं की आपण बोली, खाणंपिणं, देवदेवक यांकडे बघतो. तेही शिकावंच. पण एकाचं वर्ष सेमिस्टरचं आणि दुसऱ्याचं उचलीपासून फेडीपर्यंतचं, हे अंतर मला जास्त मोठं वाटतं, कारण ते गावात पोहोचल्यावरही दिसत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या 1985 पासूनच्या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात पदव्युत्तर मुलांना गावात मुक्काम करावा लागतो. मुक्कामानं पुष्कळ कळतं, पण जो महिना आपण तिथे नसतो त्याची माहिती मुक्कामातही विचारूनच घ्यावी लागते.

म्हणून तयारीच्या वर्गात पहिल्या दिवशी प्रश्नावली वाटू नये. आधी वाडीचे बारा महिने फळ्यावर लिहावेत: धान्य कधी येतं, कधी संपतं, विहीर कधी आटते, मुकादम कधी येतो, माणसं कधी परततात. जिथे मुलांना उत्तर येत नाही तो चौकोन कोरा ठेवावा. मग त्या कोऱ्या चौकोनाच्या महिन्यात निदान एकदा तरी जाऊन यावं. चिखल, साप, बंद पडलेली एसटी यांची कुरकुर होईल, आणि हजेरीचा प्रश्न तर निघेलच. त्याला पंधरा ऑगस्टच्या आसपासचा शनिवार-रविवार पुरतो.