पिवळ्या फुलीच्या मागावर

ऑगस्टच्या सुमारास आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ढगांच्या लाटा एकामागून एक अटलांटिक महासागरावर उतरत असतात. वर्षभरात अशा साठेक लाटा येतात आणि बहुतेक विरून जातात. सहाराची कोरडी, धुळीची हवा त्यांना वाढू देत नाही, नाहीतर वरच्या थरातले जोरकस वारे त्यांची मोट विस्कटून टाकतात. पण समुद्राचं पाणी 26.5 अंशांच्या वर तापलेलं असलं आणि वरचे वारे मवाळ असले, तर एखादी लाट स्वतःभोवती फिरू लागते. मग मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर नकाशावर तिथे एक फुली मारतं. वादळ होण्याची शक्यता 40 टक्क्यांहून कमी असेल तर फुली पिवळी, 60 पर्यंत नारिंगी, त्यापुढे लाल.

या पिवळ्या फुलीची वाट पाहणारी असंख्य माणसं आहेत. त्यांतले शास्त्रज्ञ थोडेच, बाकीचे आपापले पोटापाण्याचे उद्योग सांभाळून हा नाद जपणारे. अमेरिकेचं जीएफएस हे मॉडेल दिवसातून चार वेळा नव्यानं गणित मांडतं, आणि रात्रीचा निकाल हाती येईपर्यंत ही मंडळी जागी असतात. ‘युरो काय म्हणतंय?’ हा त्यांचा परवलीचा प्रश्न, म्हणजे युरोपीय मॉडेलचा कौल कुठे आहे. वादळ मोठं झालं की त्याच्या पोटात विमानं शिरतात. त्यांनी मोजलेले वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे जवळजवळ त्याच क्षणी सगळ्यांना पाहायला मिळतात, आणि त्या आकड्यांच्या रांगा सरसर वाचणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पगार नाही, परीक्षा नाही, केवळ कुतूहलापोटी एखादा विषय इतका खोल शिकणारा माणूस कुठल्याही समाजाचं धन असतो.

तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. पिवळी फुली नारिंगी होते तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं? खरं उत्तर द्यायचं तर, आनंद होतो. मॉडेलनं वादळ बलाढ्य दाखवलं की उत्साह वाढतो, पुढच्या गणितात ते विरताना दिसलं की हिरमोड होतो. हळूहळू अंदाजाच्या नावाखाली इच्छाच बोलू लागते. यात पाप आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या इच्छेनं वादळ रेसभरही सरकत नाही. पण ती इच्छा पाहणाऱ्याला मात्र बदलते. नकाशावरचा किनारा त्याच्यासाठी नुसती रेघ होऊन बसतो.

याच्या अगदी उलट काय असतं, ते 7 ऑक्टोबर 2024 रोजी दिसलं. मिल्टन हे वादळ मेक्सिकोच्या आखातात होतं. मायामीतले टीव्हीवरचे ज्येष्ठ हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस थेट प्रक्षेपणात सांगत होते, की वादळाच्या केंद्रातला दाब दहा तासांत 50 मिलिबारनं उतरला आहे. दाब उतरणं म्हणजे वादळ बळावणं. तो आकडा उच्चारला आणि त्यांचा आवाज कापला, डोळे भरून आले. प्रेक्षकांची माफी मागून ते पुढे बोलत राहिले. त्याच घटकेला कितीतरी पडद्यांसमोर त्याच आकड्यानं लोक हरखून गेले असणार. आकडा एकच होता. मोरालेस यांना त्यामागची छपरं आणि माणसं दिसत होती, कारण त्यांची सगळी हयात अशा वादळांची वार्ता देण्यात गेलेली.

पाहणारा आणि किनारा यांच्यातलं हे अंतर समजून घ्यायचं तर 2019 च्या डोरियन वादळाबद्दल सविस्तर बोलायला हवं. 24 ऑगस्टला ते बार्बाडोसच्या पूर्वेला जन्मलं, तेव्हा अगदीच किरकोळ होतं. कोरड्या हवेत किंवा हिस्पॅनिओला बेटाच्या डोंगरांवर आपटून ते मोडेल असं पुष्कळांना वाटत होतं. ते डोंगर त्यानं टाळले, मोकळ्या गरम पाण्यावर आलं आणि फुगत गेलं. महिनाअखेरीस अंदाजाच्या सुळक्यानं जवळजवळ सगळं फ्लोरिडा राज्य व्यापलं. वादळाचं केंद्र कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं ते हा सुळका दाखवतो, वादळाचा आकार दाखवत नाही. पण लोकांची नजर त्यात फक्त आपलं गाव शोधते. 31 ऑगस्टला अंदाजाची रेघ उत्तरेकडे, समुद्राच्या बाजूला सरकली. फ्लोरिडात सुटकेचे सुस्कारे टाकले गेले आणि पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ‘चुकलं’ असं म्हटलं.

ते चुकलं नव्हतं. मध्ये बहामा होतं. 1 सप्टेंबरला डोरियन अबाको बेटांवर आदळलं ते ताशी 295 किलोमीटरच्या वाऱ्यानं. त्या दुपारची उपग्रहाची छायाचित्रं आजही पाहता येतात. शुभ्र ढगांचं अफाट चक्र आणि मधोमध कोरल्यासारखा स्वच्छ गोल डोळा. त्याचं सौंदर्य नाकारण्यात अर्थ नाही, असं दृश्य निसर्ग क्वचितच दाखवतो. पण त्या गोलाच्या आत मार्श हार्बर हे गाव होतं. डोळा वरून जात असताना वारा थांबला, ऊन पडलं, आणि तेवढ्या उसंतीत लोक पोरंबाळं घेऊन, मोडलेल्या घरांतून, कमरेएवढ्या पाण्यातून धड इमारतींकडे धावले. डोळ्याची पलीकडची कड येऊन वारा उलट्या दिशेनं सुरू होईपर्यंत जेवढा वेळ मिळाला, तेवढाच त्यांचा होता.

नंतर वादळ ग्रँड बहामा बेटावर गेलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. त्याचा पुढे सरकण्याचा वेग ताशी दीड किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहून कमी. त्या दिवशी 2 सप्टेंबर होता, सोमवार, गणेश चतुर्थी. आपल्याकडे घरोघर गणपती बसले तेव्हा तिथे लोक माळ्यावर चढून पाणी उतरायची वाट पाहत होते. एक दिवसाहून अधिक काळ ते बेट वादळाच्या गाभ्याखाली राहिलं.

सरकारी मोजणीनुसार बहामात सत्तरहून अधिक माणसं गेली, आणि बेपत्ता झालेल्यांची यादी त्याहून कितीतरी लांब होती. मार्श हार्बरला ‘द मड’ नावाची वस्ती होती. हैतीहून आलेल्या स्थलांतरितांची, प्लायवूडची दाटीवाटीची घरं. ती भुईसपाट झाली. तिथे किती माणसं राहत होती याची धड नोंदच नव्हती, मग किती गेली ते कोण सांगणार? काही आठवड्यांतच कागदपत्रं नसलेल्या हैतीच्या लोकांना परत पाठवणं पुन्हा सुरू झालं. तोवर डोरियन केव्हाच विरून गेलं होतं आणि हौशी नजरा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे, पुढच्या फुलीकडे वळल्या होत्या. मला खुपतं ते हेच. ज्या वादळाचा आपण जन्मापासून तास न् तास पाठलाग केला, ते जिथे पडलं त्या गावाकडे आपण आठवडाभरही पाहत नाही.

हे दूरदेशीच्या लोकांना सुनावण्यासाठी मी लिहीत नाही. जून 2020 मध्ये आपणही नेमकं असंच वागलो. टाळेबंदीत घरी बसलेली सगळी मुंबई 2 आणि 3 तारखेला मोबाइलवर निसर्ग वादळाची फिरती चित्रं पाहत होती. 3 जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि बातम्यांतून, बोलण्यातून एकच सूर उमटला : मुंबई वाचली. मुंबई वाचली हे खरंच होतं आणि त्याचा आनंद होणं स्वाभाविक होतं. पण त्याच दुपारी श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ मधोमध मोडते, तेव्हा तिला पुन्हा फूट येत नाही. तुटलेला शेंडा खाली, उरलेला सोट उभा, अशी झाडं वाडीभर दिसत होती. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती. वाडी असते गुंठ्यांत आणि सरकारी भरपाई हेक्टरी, तेव्हा आम्हाला झाडागणिक भरपाई द्या, असं बागायतदार सांगत राहिले. त्यांचं हे म्हणणं चालू असताना मुंबईच्या मोबाइलवरून वादळाचा नकाशा केव्हाच पुसला गेला होता.

म्हणून मला एकोणिसाव्या शतकातला एक वादळवेडा आठवतो. बेनितो विन्येस, 1870 साली क्युबात आलेले स्पॅनिश जेझुइट पाद्री. हवानाच्या बेलेन वेधशाळेत बसून ते आकाशात खूप उंचावर पसरणारे पिसांसारखे ढग कुठल्या दिशेनं येतात ते टिपत. उपग्रह नाही, विमान नाही; जहाजांचे कप्तान आणि बेटांवरून येणाऱ्या तारा एवढंच साधन. सप्टेंबर 1875 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांतून वादळाचा इशारा दिला, तो अशा पहिल्यावहिल्या इशाऱ्यांत गणला जातो. पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते त्यानंतरच्या कामात. 1876 च्या वादळांनंतर ते पोर्तो रिको आणि क्युबात हिंडले, पडझड डोळ्यांनी पाहिली, लोकांना विचारून विचारून सगळं लिहून घेतलं. वारा आधी कुठून आला, मग कुठून, झाड कुठल्या बाजूला पडलं. त्यांचं शास्त्र त्या पडझडीतून पक्कं झालं. पुढे 1900 साली, विन्येस हयात नसताना, क्युबाच्या याच परंपरेतल्या जाणकारांचं अमेरिकेच्या हवामान खात्यानं ऐकलं नाही, उलट त्यांच्या तारा अडवल्या. त्या सप्टेंबरात टेक्ससमधलं गॅल्व्हेस्टन शहर बुडालं आणि हजारो माणसं गेली.

विन्येस यांच्या जातकुळीचे लोक आजही आहेत. 1965 साली बेट्सी वादळाच्या वेळी हौशी रेडिओवाल्यांनी हरिकेन वॉच नेट सुरू केलं. वादळाच्या वाटेतली माणसं आपल्या घरच्या उपकरणांवर वारा आणि दाब मोजतात, रेडिओवरून कळवतात, आणि ते मायामीला पोचतं. यांनाही वादळाचं वेड असतं, आकडा खाली गेला की यांचीही छाती धडधडत असेल. पण पलीकडून बोलणारा आवाज एका माणसाचा आहे, त्याचं छप्पर कुठल्याही क्षणी जाऊ शकतं, हे ऐकणारा विसरूच शकत नाही.

सप्टेंबर 2017 मध्ये मारिया वादळानं पोर्तो रिकोतली वीज आणि दूरध्वनी जवळजवळ पूर्ण बंद पाडले. बेटाबाहेर असलेल्या मुलांना आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे कळायला मार्ग उरला नाही. तेव्हा रेड क्रॉसनं अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांना हाक दिली. वादळ उत्तरेकडे निघून गेलं होतं, नकाशावर पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ही माणसं आपले संच घेऊन त्या अंधारलेल्या बेटावर गेली. काम कंटाळवाणं होतं : सुखरूप असलेल्यांची नावं घ्यायची, पलीकडे कळवायची, की ती यादीत चढून घरच्यांना सापडावीत.