आपण विसरलो तरी तो विसरत नाही

आजचे वाचन : यशया ४९:१४-१६, लूक २३:३९-४३, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८



गेल्या आठवड्यात वर्ध्याला आमच्या आबाजींचा दफनविधी झाला. प्रभूने त्यांना ८७ वर्षं दिली. पाळकसाहेबांनी थेस्सलनीकाकरांसच्या पत्रातून संदेश दिला, आम्ही मूठ मूठ माती टाकली, गीत गायलं आणि परत निघालो. कबरस्तानाच्या फाटकाशी माझ्या मामेबहिणीने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, शेवटची दोन वर्षं आबाजींना आपली नावंच काय, प्रभूची प्रार्थनाही आठवत नव्हती. येशूचं नाव घेतलं तरी नुसते बघत राहायचे. मग ते विश्वासात झोपी गेले, असं आपण कसं म्हणायचं?"

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आजी-आजोबांना स्मृतिभ्रंश आहे. हा प्रश्न त्यांच्याही मनात असतो, फक्त तोंडावर येत नाही. म्हणून आज त्याच्यावरच मनन करू या.

आधी रडण्याबद्दल. आपल्यात कोणी गेलं की लगेच सांगतात, "रडू नका, ते प्रभूजवळ आहेत." पण पौल तसं म्हणत नाही. थेस्सलनीकेच्या मंडळीला काळजी होती की, प्रभू येण्याआधी जे मेले त्यांचं काय होणार? पौल त्यांचं दुःख नाकारत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढंच तो सांगतो. म्हणजे शोक आहे, पण त्याच्या पायाखाली जमीन आहे. लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि तेही आपण काय करणार आहोत हे पक्कं माहीत असताना. तेव्हा मोकळेपणाने रडा. अश्रू म्हणजे अविश्वास नाही.

आता बहिणीचा प्रश्न. त्याच्या मागे एक समजूत लपलेली आहे : माझं तारण माझ्या आठवणीवर टिकून आहे. मी प्रभूला धरून ठेवलं तर मी वाचेन, माझी पकड सुटली तर संपलं. तरुण वयात आपल्याला ही समजूत खरीच वाटते, कारण आपली पकड घट्ट असते. वचनं पाठ असतात, मोबाईलमध्ये रोजच्या वाचनाचा रिमाइंडर असतो. पण म्हातारपण एकेक बोट सोडवत जातं. तेव्हा कळतं की आपण कशावर उभे होतो.

यशयाच्या ४९ व्या अध्यायात सीयोन तक्रार करते की परमेश्वर मला विसरला. ही बाबेलच्या बंदिवासातली वेदना आहे. यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, लोक परमुलखात गेले. परमेश्वर उत्तर देतो ते आईचं उदाहरण घेऊन : एखादी आई आपल्या तान्ह्या बाळाला एक वेळ विसरेल, पण मी नाही. आणि मग तो म्हणतो की मी तुला माझ्या तळहातांवर कोरलं आहे. मूळ हिब्रू शब्द कोरण्याचाच आहे. शाईने लिहिलेलं पुसलं जातं, कोरलेलं राहतं. ते तळहात पुढे थोमाने पाहिले, खिळ्यांच्या खुणांसकट.

पवित्र शास्त्रात देवाने आठवण केली असं येतं तिथे पुढे नेहमी काहीतरी घडतं. देवाने नोहाची आठवण केली आणि वारा सोडला, पाणी ओसरू लागलं. इस्राएलाचं कण्हणं ऐकून त्याने कराराची आठवण केली आणि मोशेला पाठवलं. हन्नाची आठवण केली आणि तिची कूस उजवली. देवाचं आठवणं म्हणजे देवाचं उठून कामाला लागणं.

म्हणून वधस्तंभावरच्या त्या गुन्हेगाराने किती नेमकं मागितलं बघा. त्याच्याजवळ ना बाप्तिस्मा, ना उपासनेची हजेरी, ना सुधारायला वेळ. "प्रभू, मी तुझी आठवण ठेवीन" असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, तू माझी आठवण ठेव. येशू त्याला त्याच दिवसाचं वचन देतो.

आणि लाजर? चार दिवस कबरेत होता. त्याला येशू आठवत होता का? मेलेल्याला काय आठवणार! येशूने त्याला नावाने हाक मारली आणि तो बाहेर आला. बाहेर येण्याचं सगळं बळ हाक मारणाऱ्याकडे होतं.

हे मी पुस्तकातून शिकले, पण आबाजींच्या शेजारच्या काकाजींनी ते मला एका वाक्यात समजावलं. हे काकाजी शेतकरी. आपल्या मंडळीतले नाहीत. दोन वर्षं रोज संध्याकाळी येऊन आबाजींजवळ बसायचे. आबाजी त्यांना रोज विचारायचे, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "काकाजी, वाईट नाही वाटायचं?" ते म्हणाले, "वाईट कायचं वं पोरी? त्यायनं मले नाही ओळखलं तं काय झालं, मी तं त्यायले ओळखतो ना."

माणूस माणसासाठी एवढं करू शकतो, तर मेंढरांना नावाने हाक मारणारा मेंढपाळ काय करणार नाही? हेच मी बहिणीला सांगितलं. आबाजी विसरले, पण ज्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला तो विसरला नाही.

मग आपण आठवण ठेवायचीच नाही का? ठेवायची, पण तिच्यावर भलता भार टाकायचा नाही. "ते आपल्या आठवणींत जिवंत आहेत" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण आपल्या आठवणींचं आयुष्य किती? वर्ध्यात मगनवाडी सगळ्यांना माहीत आहे. मगनलाल गांधी १९२८ साली गेले, त्यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. आज तिथून स्कूटीवरून जाणाऱ्या किती पोरांना मगनलाल कोण हे सांगता येईल? त्याच मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती विचारवंत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम पाहत. टिकणारं काय आणि सरून जाणारं काय, हा त्यांच्या अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. तोच प्रश्न कबरेपाशीही उभा राहतो. आमचं वर्ध्याचं घर आता बंद राहील. आम्ही पुण्याला, नागपूरला. कबरेवर गवत वाढेल. जर आबाजी फक्त आमच्या आठवणीत जिवंत असतील, तर ते पुन्हा एकदा मरतील. पण आपली आशा पुनरुत्थान आहे. पौल त्याला बियाण्याची उपमा देतो. हा तर कापसाचा जिल्हा, इथे ती फोड करून सांगावी लागत नाही. काळ्या मातीत सरकी टाकताना शेतकरी तिला पुरत नाही, पेरतो.

या आठवड्यात तीन गोष्टी करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या विश्वासाची गोष्ट विचारा आणि लिहून ठेवा, त्यांना आठवतंय तोवर. कोणी विसरत असेल तर "मला ओळखलंत का?" अशी परीक्षा घेऊ नका, स्वतःच आपलं नाव सांगा आणि हात धरून बसा. आणि पुनरुत्थानदिनाच्या पहाटे मंडळी कबरस्तानात जाते तेव्हा झोपून राहू नका. आपली माणसं जिथे निजली आहेत तिथेच उभं राहून गायचं असतं.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आम्ही माती आहोत याची तुला आठवण आहे. जे सारं विसरले त्यांना तू धरून ठेव. जे त्यांची सेवा करून थकले त्यांना विसावा दे. आमची पकड सुटेल त्या दिवशी तुझी पकड आम्हाला पुरे होवो. आमेन.