चूक दुरुस्त केली, पण कबूल केली का?

दर रविवारी मिस्साच्या आरंभी आपण सारे छातीवर हात मारून आपला अपराध कबूल करतो. शेजारचा करतो, मागच्या बाकावरचाही करतो. सगळेच करतात, म्हणून ते कुणालाच जड जात नाही. पण तोच माणूस घरी गेल्यावर भावाला, सुनेला किंवा हाताखाली काम करणाऱ्याला “त्या दिवशी माझे चुकले” एवढे तीन-चार शब्द सांगू शकत नाही. मग तो एक मधला मार्ग काढतो. चूक गुपचूप दुरुस्त करतो आणि त्याविषयी बोलत मात्र नाही. भावाची मोडलेली भिंत बांधून देतो, सुनेसाठी साडी आणतो, आणि मनाशी म्हणतो, “झाले ना आता, आणखी काय हवे?”

खरोखरच, आणखी काही हवे असते का? दुरुस्ती केली की कबुलीची गरज संपते का? हा प्रश्न जसा एका माणसाचा आहे, तसाच तो संस्थेचाही आहे. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्याचे एक मोठे उदाहरण आहे. गॅलिलिओचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते, पण त्याची पूर्ण हकिगत सहसा ऐकलेली नसते.

गॅलिलिओ गॅलिली यांचा जन्म १५६४ साली इटलीतील पिसा येथे झाला. पुढे ते पाडुआच्या विद्यापीठात गणित शिकवू लागले. १६०८ साली हॉलंडमध्ये हान्स लिपरहे नावाच्या चष्मे करणाऱ्या कारागिराने दूरचे जवळ दाखवणाऱ्या नळीसाठी सरकारकडे हक्क मागितला. ही बातमी पुढच्या वर्षी गॅलिलिओंच्या कानी आली. त्यांनी स्वतः भिंगे घासून तशी नळी तयार केली, आणि सुधारत सुधारत वस्तू वीसपट मोठी दाखवणारी दुर्बीण बनवली. व्हेनिसच्या कारभाऱ्यांना त्यांनी उंच मनोऱ्यावर नेऊन समुद्रातली जहाजे दाखवली. नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ती दुर्बिणीत दिसत होती. सर्वांना वाटले, व्यापाराला आणि युद्धाला छान साधन मिळाले.

पण गॅलिलिओंनी ती नळी आकाशाकडे वळवली. ७ जानेवारी १६१० च्या रात्री त्यांना गुरू ग्रहाजवळ तीन बारीक तारे दिसले. पुढच्या रात्रींत त्यांच्या जागा बदलत गेल्या, आणि आठवडाभरात चौथाही दिसला. ते तारे नव्हते, गुरूभोवती फिरणारे चंद्र होते. म्हणजे आकाशातले सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते, हे खरे नव्हते. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असे पोलंडमधील कॅथीड्रलचे एक अधिकारी निकोलस कोपर्निकस यांनी १५४३ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. गॅलिलिओंना ते पटत गेले.

ख्रिस्तसभेने सुरुवातीलाच त्यांना झिडकारले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. १६११ साली ते रोमला गेले तेव्हा तेथील येशूसंघीय विद्वानांनी त्यांचा सत्कार केला. वयोवृद्ध गणितज्ञ फादर क्लावियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः निरीक्षण करून गुरूचे चंद्र खरे असल्याचा निर्वाळा दिला. कार्डिनल रॉबर्ट बेलार्माईन, जे १९३० साली संत म्हणून घोषित झाले, त्यांनीही दुर्बिणीतून आकाश पाहिले होते. १६१५ साली एका धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात बेलार्माईन यांनी फार समंजस विचार मांडला. पृथ्वी फिरते याचा पक्का पुरावा मिळालाच, तर वचन खोटे आहे असे न म्हणता आपल्यालाच त्याचा अर्थ कळला नव्हता असे म्हणावे लागेल, असा त्याचा आशय होता. मात्र असा पुरावा आहे, हे त्यांना पटलेले नव्हते.

असे असूनही पुढच्याच वर्षी, ५ मार्च १६१६ रोजी, कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत वाचू नये असा हुकूम निघाला. यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचे म्हटले आहे, म्हणजे एरवी तो फिरत असलाच पाहिजे, असे तेव्हाच्या धर्मपंडितांचे म्हणणे होते. गॅलिलिओंना समज देण्यात आली. १६३२ साली त्यांनी दोन्ही मतांवर संवादाच्या रूपाने मोठे पुस्तक काढले, आणि त्यात खुद्द पोप आठवे अर्बन यांचे आवडते मत एका भोळसट पात्राच्या तोंडी घातले. पोपमहोदय एके काळी त्यांचे मित्र होते. ती मैत्री संपली.

२२ जून १६३३ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, गॅलिलिओंना रोममध्ये धर्मन्यायालयापुढे गुडघे टेकून आपले मत सोडत असल्याचे वाचून दाखवावे लागले. दहा न्यायाधीश कार्डिनलांपैकी सात जणांच्या निकालपत्रावर सह्या आहेत, तिघांच्या नाहीत. शिक्षेत कैद होती, आणि तीन वर्षे दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणण्याचे प्रायश्चित्त होते. कैदेचे रूपांतर पुढे नजरकैदेत झाले. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावी, आपल्या घरात, ते १६४२ साली मरेपर्यंत बंदिस्त राहिले. शेवटी त्यांची दृष्टीही गेली.

त्याच गावातल्या मठात त्यांची मुलगी, सिस्टर मारिया चेलेस्ते, धर्मभगिनी होती. वडिलांच्या निकालाचा कागद वाचून तिने कळवले की ती सात स्तोत्रे तुमच्याऐवजी मी म्हणते. वडील निर्दोष की दोषी हा वाद तिने घातला नाही. त्यांच्या ओझ्याला खांदा दिला. १६३४ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ती वारली.

न्यायाधीशांच्या बाजूनेही बोलता येते, आणि बोलले पाहिजे. युरोपात धर्माच्या नावाने मोठे युद्ध चालू होते. पोपमहोदय श्रद्धेच्या बाबतीत सैल आहेत, असे त्यांचे विरोधक म्हणत होते. गॅलिलिओंकडेही तेव्हा निर्विवाद पुरावा नव्हता. भरती-ओहोटी पृथ्वीच्या फिरण्याने येते, असे ते सांगत, आणि ते चुकीचे होते. चंद्रामुळे भरती येते हे केप्लर यांचे म्हणणे त्यांनी उडवून लावले होते. ताऱ्यांच्या निरीक्षणातून पृथ्वीच्या गतीचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो १७२८ च्या सुमारास, जेम्स ब्रॅडली यांच्याकडून. ही सारी कारणे खरी आहेत. पण चूक कशी घडली हे कारणांवरून कळते. चूक झालीच नाही, असे त्यांवरून ठरत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पुढे ख्रिस्तसभेने काय केले? तिने दुरुस्ती केली, पण हळूहळू आणि न बोलता. १७३७ साली गॅलिलिओंचे अवशेष फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या आडबाजूच्या खोलीतून काढून मुख्य मंदिरातल्या स्मारकात ठेवण्यात आले. १७५८ साली पृथ्वी फिरते असे सांगणाऱ्या पुस्तकांवरची सरसकट बंदी यादीतून गळाली. १८२२ साली अशी पुस्तके रोममध्ये छापायला परवानगी मिळाली. १८३५ सालच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत कोपर्निकस आणि गॅलिलिओ ही नावे नव्हती. आधी होती, आता नव्हती, एवढेच. शिक्षा मोठ्याने वाचली गेली होती. दुरुस्ती मात्र कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने झाली.

मग जग काय म्हणाले? या लोकांना सत्याची भीती वाटते, असे म्हणाले. आपण चूक लपवतो ती आपला मान राहावा म्हणून, पण नेमका मानच त्यामुळे जातो. फादर क्लावियस यांच्यासारखे प्रामाणिक धर्मगुरूही त्या एका निकालाच्या सावलीत झाकले गेले.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली या प्रकरणाचा नव्याने अभ्यास व्हावा असे सुचवले, आणि १९८१ साली त्यासाठी मंडळ नेमले. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांनी जाहीरपणे सांगितले की त्या काळच्या धर्मपंडितांची चूक झाली होती. निकालाला तेव्हा ३५९ वर्षे झाली होती. ही कबुलीही अर्धवट आहे, असे काही अभ्यासकांना वाटले. तरीही जे आधीच्या कुणी उघडपणे सांगितले नव्हते ते निदान उच्चारले गेले. पुढे १२ मार्च २००० रोजी, संत पेत्राच्या महामंदिरात, सत्याची सेवा करण्याच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अपराधांसाठी देवाची क्षमा मागण्यात आली.

कुणी विचारील, मेलेल्या गॅलिलिओंना त्याचा काय उपयोग? त्यांना नसेल. पण जिवंत माणसे ऐकत होती. माझ्यासारखा एक शिक्षकही ऐकत होता.

१९८७ साली मी सातवीच्या वर्गाला शिकवत होतो. सहलीचे जमवलेले १४० रुपये नाहीसे झाले. वर्गातल्या एका गरीब मुलावर माझा संशय गेला. मी त्याला सर्वांसमोर चोर म्हटले आणि दोन दिवस वर्गाबाहेर उभे केले. आठवड्याने ते पैसे माझ्याच रेनकोटच्या आतल्या खिशात सापडले. मी वर्गात एवढेच सांगितले, “पैसे मिळाले.” कुठे मिळाले ते सांगितले नाही. पुढच्या महिन्यात मी त्या मुलाला मॉनिटर केले. मनाशी म्हटले, झाली दुरुस्ती.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या मांडवात तो भेटला. आता त्याचे केस पिकले आहेत. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर त्याने शांतपणे विचारले, “सर, ते सहलीचे पैसे कुठे सापडले होते हो?” मी म्हणालो, “अरे, इतकी वर्षे झाली, आता कुठे आठवते!” हे खोटे होते. मला तो खिसासुद्धा आठवत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वेदीवर दान आणताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही सलत असल्याचे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. त्याला काहीतरी देऊन गप्प बसा, असे त्याने सांगितलेले नाही. त्याच्याकडे जा, असेच सांगितले आहे.

रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, मॉनिटर केलेत तेव्हाच मला कळले होते. पण वर्गातल्या मुलांना कळले नाही. अजूनही कुणी थट्टेत तसे बोलते. माझ्या मुलानेही ऐकले आहे.” त्याने आतून मुलाला बोलावले. मी त्या मुलासमोर पुन्हा सगळे सांगितले.

चूक चारचौघांत केली असेल, तर कबुली खोलीचे दार लावून पुरी होत नाही, हे मला त्याच्या ओटीवर कळले. त्या वर्गातले काही जण आज याच धर्मग्रामात आहेत, आणि ही पत्रिका त्यांच्या घरी जाते. त्या मुलाच्या परवानगीने, त्याचे नाव न लिहिता, त्यांना सांगतो: पैसे माझ्याच खिशात होते. त्याने काही घेतले नव्हते. माझे चुकले.