गुलाल कुणाच्या दारात?

आमच्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतींची मतमोजणी कवठे महांकाळला होते. दुपारपर्यंत निकाल लागतात आणि गुलालानं माखलेल्या गाड्या आपापल्या गावाकडं सुटतात. खरी धास्ती तिथून पुढची असते. मिरवणूक पडलेल्या उमेदवाराच्या दारासमोर मुद्दाम रेंगाळते. हलगी चढते, फटाक्यांची माळ त्याच्याच उंबऱ्यापाशी पेटते. घरातल्या बाया दार लावून आत बसलेल्या. पाच-सात मतांनी गेलेली जागा, त्यात भावकीतली कुठली घरं फुटली हे त्या माणसाला पाठ असतं. अशा वेळी एक शिवी पुरते, काठ्या निघतात आणि चार पोरांवर पुढची कितीतरी वर्षं केस चालते.

या मारामारीमागं मतांचा आकडा क्वचितच असतो, अपमान असतो. आकड्याबद्दलची तक्रार आणि हा अपमान या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्याशिवाय गावातली निवडणूक शांत होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आकड्याचा वाद मिटवायला कायदा आहे. निकाल जाहीर होण्याआधी फेरमोजणी मागता येते. मतं समान पडली तर चिठ्ठी टाकतात, आणि त्या चिठ्ठीनं हरलेला माणूस मान खाली घालून का होईना, घरी जातो, कारण चिठ्ठी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघालेली असते. पुढं निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडं दाद मागता येते. उमेदवारालाच नव्हे, साध्या मतदारालाही. रखडतं ते त्यानंतर. तारखा पडत राहतात, इकडं पाच वर्षांची मुदत सरत येते. विधानसभेच्या निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा उच्च न्यायालयाला सांगतो. प्रत्यक्षात तिथंही वर्षं जातात. गावच्या अर्जांना तरी सहा महिन्यांची सक्त मुदत हवी. न्याय वेळेवर मिळेल ही खात्री असली, तर कार्यकर्त्याला 'रस्त्यावरच बघून घेऊ' म्हणणाऱ्याचं ऐकावंसं वाटणार नाही.

अपमानाचं काय? तो कोर्टात मिटत नाही, गावातच मिटवावा लागतो. अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे आबा, पुढं कवठे महांकाळचेही आमदार झाले. राज्याचे गृहमंत्री असताना त्यांनी 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचे, वाटणीचे तंटे गावानंच समोरासमोर बसून मिटवावेत, हा आबांचा विचार या मातीतला होता. पुढं कितीतरी गावांत तंटामुक्त समितीच्या अध्यक्षपदावरूनच तंटे झाले, हेही खरं. तरी ती समिती आज एक काम नक्की करू शकते. मतदानाआधी दोन्ही पॅनेलच्या प्रमुखांना चावडीत बसवावं, मिरवणुकीचा रस्ता ठरवावा, तो पडलेल्याच्या दारावरून जाणार नाही हे लिहून घ्यावं. खोटं मतदान झालं का, हे मात्र तिनं ठरवू नये. ते न्यायाधीशाचं काम.

'त्यापेक्षा निवडणूक बिनविरोध करा, कटकटच नको' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. सगळ्यांच्या मनापासून होत असेल तर जरूर करावी. पण जानेवारी 2021 मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी गावांत पदांचे लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथल्या निवडणुका रद्द केल्या. बोली लावून आणलेल्या शांततेत गरिबाचं मत आधीच मारलेलं असतं. तिला मी शांतता म्हणणार नाही. त्यापेक्षा चुरशीनं लढावं, प्रचारात घसा बसेपर्यंत बोलावं.

निकालानंतर आठवड्याभरात जिंकलेला आणि पडलेला पुन्हा समोरासमोर येतातच. दोघांची रानं एकाच पाटावर असतात. म्हैसाळ योजनेचं पाणी रात्री-अपरात्री आलं की दारं धरायला बॅटरी घेऊन दोघंही बांधावर उभे असतात, आणि आधी कुणाचं रान भिजवायचं हे एकमेकांना विचारावंच लागतं.